लग्नपत्रिकेने सपाट केलेला समुद्रतळ

माझ्या मुलीने घरात तयार केलेला आर्क्टिक समुद्राचा तळ मी एका लग्नपत्रिकेने सपाट केला आणि वर खोटं बोललो. सपाट केला तो अज्ञानाने. खोटं मात्र पूर्ण शुद्धीत बोललो.

मुलगी बाहेरगावी भूशास्त्रात संशोधन करते. मे महिन्यात ती सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घरी आली ती प्लायवुडच्या दोन फळ्या, लेथवाल्याकडून बनवून घेतलेला एक लांब स्क्रू आणि पाच रंगांची रांगोळी घेऊन. मधल्या खोलीत तिने फळ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांवर तापीची चाळलेली वाळू आणि रांगोळी यांचे थरावर थर पसरले. स्क्रू फिरवला की एक फळी दुसरीला घासून पुढे सरकायची. रांगोळी उडेल म्हणून कूलर बंद. मे महिन्यात बऱ्हाणपुरात कूलर बंद ठेवणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

"ग्रीनलंड आणि त्याच्याजवळची स्वालबार्डची बेटं," ती आईला समजावत होती, "कोट्यवधी वर्षांपूर्वी एकमेकांना घासून सरकत गेली, मम्मी. समोरासमोर टक्कर नाही, बाजूबाजूने."

"म्हणजे आपल्या गल्लीत दोन केळीच्या गाड्या निघतात तशा?"

"हां, बिलकुल तशाच! आणि जिथे ही रेघ वाकते ना, तिथे जमीन ताणली जाते आणि खचते. मग त्या खड्ड्यात लाखो वर्षं गाळ भरत जातो. तो गाळ वाचला की सगळा इतिहास कळतो."

"एवढ्या लांब कशाला जातेस? खड्डे इथे कमी आहेत का?" बायको म्हणाली.

मुलगी हसली. आपली तापीसुद्धा अशाच खचलेल्या पट्ट्यातून वाहते, म्हणून नदीकाठी बोअर कितीही खोल नेला तरी दगड लागत नाही, हे तिने सांगितलं. ते मला पटलं. बाकीचं पटल्यासारखं केलं.

तिच्या सरांच्या गटातून यंदा एकाच विद्यार्थ्याला उत्तरेकडे जाणाऱ्या संशोधन जहाजावर जागा मिळणार होती. निवड या कामावरून व्हायची होती.

नेमकं तेव्हाच बहादरपूरला माझ्या साडूच्या मुलीचं लग्न आलं. मायलेकी गेल्या, मी घरी राहिलो. "पप्पा, दर तासाला अर्धा फेरा, मग एक फोटो. बाकी काही म्हणजे काहीच नाही," मुलीने तीनदा बजावलं.

दुपारपर्यंत मी इमानदारीने फेरे दिले. मग मधोमध भेग पडली. पुढच्या फेऱ्याला ती रुंदावली आणि तिथली वाळू खाली बसली. कागदाच्या मिलमध्ये माझी सगळी नोकरी समोरून जाणाऱ्या कागदावरच्या सुरकुत्या शोधण्यात गेली. सुरकुती दिसली की माझा हात आपोआप पुढे जातो. मला वाटलं, माझ्याकडून स्क्रू जास्त फिरला आणि पोरीचं काम बिघडलं. त्याच लग्नाची पत्रिका टेबलावर होती, जाड, कडक, उत्तम कागद. त्या पत्रिकेने मी कडेची वाळू हळूच खड्ड्यात ओढली आणि सगळं एकसारखं केलं. भेगांचे दोन फोटो पुसून टाकले. नंतर आणखी चार फेरे दिले, त्यात माझ्या कारागिरीवर बारीक भेगा पडल्या आणि ती अगदी खरी दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी लग्नाहून परतल्यावर मुलीने वाळूवर पाणी फवारलं आणि सुरीने केकसारखा काप काढला. खड्ड्यात रंगीत वाळूचा एक सपाट, मिसळलेला थर होता. ती उडालीच.

"पप्पा! कडा ढासळल्या! खड्डा स्वतःच स्वतः भरला! असं होईल असं मी फक्त म्हणत होते, कोणी ऐकत नव्हतं यार! तुमच्यासमोर झालं ना हे? तुम्ही बघितलं ना?"

तिचा चेहरा एवढा फुलला होता. मी म्हणालो, "हो."

त्यानंतर मला जेवण जाईना. तिने सरांसाठी केलेल्या सादरीकरणात माझं नाव घातलं, "निरीक्षण" असं लिहून पुढे माझं पूर्ण नाव. मी ते पान तिच्या नकळत चार वेळा उघडून पाहिलं. उत्तर ध्रुवाच्या इतिहासात आता माझी एक घटना होती, ग्रीनलंडच्या शेजारी.

"अहो, पोट साफ नाही का? असं तोंड का करून राहिले?" बायकोने विचारलं आणि दोन दिवस मला इसबगोल पाजला. मी मुकाट्याने प्यायलो. तेवढी शिक्षा तरी असावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरांचा व्हिडिओ कॉल आला. मी चहा घेऊन आत गेलो, तर मुलीने हात धरून मला पडद्यासमोर बसवलं. "सर, हे माझे वडील. सगळं यांच्यासमोर झालंय."

सर भले गृहस्थ दिसले. हे खरं निघालं तर पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर हा प्रयोग पुन्हा करून दाखवू, असं ते म्हणाले. मग मला विचारलं, "काका, कडा एकदम ढासळल्या की हळूहळू?"

सगळ्यांसमोर पुन्हा करायचा, आणि तेव्हा खड्डा भरणार नाही. सगळे माझ्या मुलीकडे बघतील.

"सर," मी म्हणालो, "लग्नपत्रिकेने."

"काय?"

"लग्नाच्या पत्रिकेने ओढली वाळू. मी. हिला यातलं काहीच माहीत नाही."

पडद्यावर सर तोंडावर हात ठेवून खोकले. ते हसत होते हे मला कळलं. "आठ दिवस देतो," ते मुलीला म्हणाले. "पुन्हा कर. आणि या वेळी काकांना लग्नाला पाठव."

मुलगी हसली नाही. तिने लॅपटॉप बंद केला.

"वाळूचं काही नाही, पप्पा. तुम्हाला माहीत नव्हतं. पण मी विचारलं तेव्हा हो का म्हणालात?"

तिला आनंद झाला होता म्हणून, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. ते अर्धंच खरं होतं. आमच्या घरात बापाने मुलांची माफी मागायची पद्धत नाही. माझ्या वडिलांनी कधी मागितली नाही. मी उठून उभा राहिलो, का ते माहीत नाही, मिलमध्ये साहेबांसमोर राहायचो तसा.

"माझं चुकलं, बाळा," मी म्हणालो. "त्या दिवशी तुझा चेहरा बघून हो म्हणालो. पण नंतर दोन दिवस गप्प राहिलो ते तुझ्यासाठी नाही. तुझ्या कामात माझं नाव बघायला मला आवडत होतं. मला माफ कर."