गप्प झालेली फिलोमिना

फिलोमिना कॅरीनचं तोंड काम करताना सतत चालू असायचं. सेंट जॉन्स या बंदराच्या शहरातल्या इस्पितळात नवजात बाळांच्या हृदयाचा इको काढायला ती आली, की परिचारिका म्हणत, "आला रेडिओ." बाळाला ती आधी कुळ विचारायची. "तू कुणाची गं, बाय? कुठल्या खाडीतली?" मग मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची, जेल तळव्यावर कोमट करायची आणि यंत्राचा प्रोब बाळाच्या छातीवर टेकवायची.

बापाच्या बोटीवर मासे शोधायचं यंत्र होतं. समुद्राच्या तळाशी आवाज जातो आणि परत येऊन पडद्यावर रेघा काढतो, हे बघताना ती जाळं ओढायचं विसरायची. पुढे कॉड मासे धरायला बंदी आली, बोट गेली, आणि फिलोमिना हे काम शिकली. केस पिकले, पण आत काय चाललंय हे बघायची हौस काही फिटली नाही.

त्या दिवशी काचेच्या उबदार पेटीत क्रिस्टा हायनॉटची लेक होती. दिवस भरायच्या कितीतरी आधी आलेली, तळहाताएवढी. व्हेंटिलेटरवर होती आणि सकाळपासून तिचा रक्तदाब उतरत होता. हृदयाला जोर देणारं औषध सुरू करायचं का, हे डॉक्टर नोसवर्दी इको बघून ठरवणार होते. बाळाचा बाप कामासाठी दूर आल्बर्टात. क्रिस्टा एकटीच खुर्चीत बसली होती.

"फोगो बेटावरची? मग तिथल्या आज्यांसारखी हट्टी निघणार ही," फिलोमिना म्हणाली आणि पडद्याकडे वळली.

दमलेलं, संथ हृदय दिसेल असं तिला वाटलं होतं. हे तर जोरात आवळत होतं. इतकं, की आतल्या भिंती एकमेकींना टेकत होत्या. मग रक्तदाब का उतरावा? आपलाच हात जड पडला असेल. एवढ्याशा छातीवर प्रोब जरा दाबला गेला तरी चित्र खोटं येतं. तिने हात पिसासारखा हलका केला. तरी तेच. फिलोमिनाचं बोलणं थांबलं.

"गप्प का झालात?" क्रिस्टाने विचारलं.

"निकाल डॉक्टरांनी सांगायचा असतो, बाय. आमचा नियम आहे."

"माझ्या पोटावर यंत्र फिरवणारी बाईसुद्धा अशीच गप्प झाली होती. मग मला धावतपळत ऑपरेशनला नेलं."

फिलोमिनाला चुकल्यासारखं झालं. इतकी वर्षं आपण गप्प झालो की बाळांच्या आयांना त्यात काय ऐकू येतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"माझी आई म्हणायची, फिलोमिना गप्प बसली म्हणजे एकतर झोपली, नाहीतर घड्याळ खोलून बसली," ती म्हणाली. "मी आत्ता घड्याळ खोलून बसलेय. निकाल मी सांगणार नाही. पण सांगणाऱ्याला इथंच बोलावते."

डॉक्टर आले. "काय सापडलं, फिल? चहा तसाच सोडून आलोय मी."

"तुमचा चहा नेहमी थंडच असतो. हे बघा, आणि मोठ्यांदा बोला. आई इथंच आहे."

डॉक्टर वाकून बघत राहिले. "आवळतंय छान. पण भरतच नाहीये." त्यांनी व्हेंटिलेटरकडे नजर टाकली. "क्रिस्टा, काल फुप्फुसं ताठ होती, म्हणून हवेचा जोर वाढवला होता. फुप्फुसांच्या औषधाने ती आता मऊ झालीत, आणि तेवढ्याच जोराने जास्त फुगताहेत. मधे हृदय चेपतंय. रक्ताला आत यायला जागा नाही."

त्यांनी हवेचा जोर थोडा उतरवला. तिघंही पडद्याकडे बघत राहिली. आधी काहीच झालं नाही. मग पडद्यावरचा हृदयाचा काळा कप्पा हळूहळू रुंद व्हायला लागला. रक्तदाबाचा आकडा जरासा चढला, खाली आला, पुन्हा चढला.

"हृदयाचं औषध आत्ता नको. तासाभराने परत बघू," डॉक्टर म्हणाले. "पण हिला अजून बराच पल्ला गाठायचाय."

"बाळाला गारठा लागेल," म्हणत फिलोमिनाने जेल पुसलं आणि पेटीचं दार लावलं. क्रिस्टाने तोवर बाहेर जाऊन बाळाच्या बापाला आल्बर्टात फोन लावला होता.

"ऐक, हृदय धड आहे तिचं. फुप्फुसं जास्त फुगून त्याला चेपत होती… अरे, मी बघितलं ना डोळ्यांनी! भरताना बघितलं."