उलटी वेस

आमच्या गावात पाहण्यासारखं जे काही होतं, त्यातलं एक आमच्या घरात होतं. बाकीचं सगळं बाहेर, उन्हापावसात. एक तोफ होती. ती कधी उडाल्याचं कोणाला आठवत नव्हतं आणि तिच्या तोंडात साळुंक्यांनी घर केलं होतं. एक बुरूज होता, तो एवढा कललेला की त्याच्या सावलीत म्हशीसुद्धा बसत नाहीत असं सांगायची पद्धत होती. म्हशी बसायच्या. आणि एक चिंच होती, तिच्यावर चिंचांपेक्षा वटवाघळं जास्त लटकत. महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता, तालुक्याला साहेब लोकांची ये-जा वाढली होती, आणि मलकापूरकडून आलेला कोणीही मोठा माणूस गावात उतरला की त्याला हे सगळं दाखवायचं, हा गावाचा धर्मच होता. सगळ्यात शेवटी त्याला आमच्याकडे आणत.

आमचं घर वेशीच्या समोर होतं, मध्ये नुसतं मोकळं मैदान. घराच्या दाराच्या फळीतली एक गाठ कधीतरी वाळून पडली आणि तिथं वाटाण्याएवढं भोक पडलं. दुपारी वेशीवर ऊन आलं, की दार लावायचं आणि अंधारात उभं राहायचं. मग समोरच्या भिंतीवर वेस यायची, उलटी. कमान खाली, पायऱ्या वर, आणि वेशीतून येणारी-जाणारी माणसं छताला पाय लावून चालत. बैलगाडी आली तर बैल वटवाघळांसारखे लोंबकळत जायचे. लुगड्याचा लाल रंगसुद्धा दिसायचा. गावानं त्याला नावच दिलं होतं, उलटी वेस.

माझे बाबा जिनात, कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, काट्यावर कापूस तोलत. अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. काट्यापाशी उभे असले तरी लोक त्यांना ओलांडून काट्याशीच बोलत. पण या भिंतीसमोर ते वेगळेच व्हायचे. हातात छडी घेऊन ते आलेल्यांना सांगायचे, ‘हे पाहा कमान, हा पाहा रस्ता, हा आता कोणी माणूस येऊन राह्यला पाहा.’ तहसीलदार आमच्या घरात येऊन गेले, ही गोष्ट ते वर्षभर सांगत. कोणाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही आणि भिंतीच्या बाबतीत तर ते म्हणायचं मनातही आलं नाही.

आईला हे सगळं डोक्याला ताप वाटायचं. पाहुणे आले की तिनं हातातलं टाकून स्वयंपाकघरात जायचं, चहा ठेवायचा आणि दार लावलेल्या खोलीतलं हसणं ऐकत उभं राहायचं. चित्र चांगलं दिसावं म्हणून ती भिंत पांढऱ्या मातीनं पोतारायचं कामही तिचंच. ‘ज्याले पाहा थो माह्याच घरी येऊन माह्याच भिंतीले हासते,’ ती म्हणायची. ‘सीधी वेस बाहेर फुकट उभी हाय, तिले कोणी पाहात नाही.’ मी तिच्याच बाजूची होते. आमच्या घरात न विचारता शिरून आमचंच दार आमच्या तोंडावर लावणाऱ्या त्या माणसांचा मला मनापासून राग यायचा.

पाहुण्यांना घेऊन यायचे ते टांगेवाले चाचा. त्यांचं घर वेशीबाहेर, मुसलमान मोहल्ल्यात. ‘चला साहेब, आता असली चीज,’ असं म्हणून ते घोडा आमच्या दारात उभा करत आणि मला ओरडून सांगत, ‘पोरी, दार लाव!’

मी अकरा वर्षांची असेन, तेव्हा हिवाळ्यात आईचा खोकला थांबेना. चाचांनीच तिला टांग्यातून एसटीपर्यंत नेलं, बाबांनी पुढे मलकापूरच्या डॉक्टरकडे. परत आल्यावर बाबांनी आम्हा दोघी बहिणींना चुलीपाशी बसवलं आणि हळू आवाजात एकच शब्द सांगितला. क्षय. डॉक्टरनं सुया सांगितल्या होत्या, दूध सांगितलं होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोकळी हवा आणि उजेड. ‘हे घराभाईर जाता कामा नये,’ बाबा म्हणाले आणि ताईकडे पाहिलं. ताईची सोयरीक शेगावकडच्या एका घरी ठरली होती, लग्न माघात होतं. क्षयाच्या घरातली मुलगी तेव्हा कोणी करत नसे. पाणीसुद्धा कोणी पीत नसे.

स्वयंपाकघरात धूर, म्हणून आईची खाट पुढच्या खोलीत आणली. तिला दार उघडं हवं होतं आणि गावाला ते बंद हवं होतं.

बाबा घाबरले होते ते दोन्हीकडून. येणारी माणसं त्या बंद खोलीत आईच्याच हवेत श्वास घेत उभी राहणार, हे त्यांना कळत होतं. एक शब्द बोलले असते तर गावातलं कुत्रंही आमच्या दारात फिरकलं नसतं. पण तोच शब्द बोलायचा नव्हता. आईची ने-आण चाचांनीच केलेली, त्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी आपल्या परीनं खिंड लढवली. पाहुण्यांना ते सांगायचे, ‘आता वेस उलटी होत नाही साहेब. नव्या सरकारनं सीधी करून टाकली.’ लोक हसायचे आणि टांगा आमच्याकडेच वळवायला लावायचे.

बाबांनी शेवटी जिनातून सरकीचा कापूस आणला आणि भोकात ठासून बसवला. दोन-तीन दिवस बरे गेले. मग बाजारातले एक मोठे आडते कोणा साहेबांना, त्यांच्या बायकोला आणि आणखी चार जणांना घेऊन आले. बाबा दारात उभे राहिले.

‘घरात आजारी हायेत,’ ते म्हणाले.

‘काय झालं?’

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. ‘थोडा ताप हाय.’

‘मंग झोपू द्या न त्याइले. आमी काय त्याइच्या खाटीवर बसतो का?’ आडते आत आलेसुद्धा. भोकातला कापूस पाहून ते म्हणाले, ‘अन हे काय केलं बाप्पा?’ आणि काडेपेटीतली काडी घेऊन त्यांनी तो बाहेर ढकलून दिला. दार लागलं.

त्या अंधारात मी खाटेच्या उशापाशी उभी होते. भिंतीवर वेस आली, एक शेळी छतावरून चालत गेली, साहेब खळखळून हसले. आणि मला अगदी जवळून ऐकू येत होतं की आई पदराचा बोळा तोंडात घालून खोकला आत दाबते आहे. खाटेच्या दोऱ्या करकरत होत्या. बाबांची छडी भिंतीवर फिरत होती, ‘ही पाहा कमान,’ पण आवाज त्यांचा नव्हता. मी काय करायला हवं होतं ते मला आजही सुचत नाही. तेव्हा तर मी नुसती तिची पाठ चोळत राहिले.

साहेबांच्या बायकोलाही ऐकू आलं असावं. ‘दार उघडा आता,’ ती एकदम म्हणाली, आणि दार उघडल्यावर आईकडे थोडा वेळ पाहून, कोणाशी काही न बोलता बाहेर जाऊन टांग्यात बसली. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही वाट पाहत होतो, की आता गावभर होणार. झालं नाही. ती बाई कोण होती, तिनं आपल्या कोणाचं असं दुखणं पाहिलं होतं, देव जाणे.

लग्न जवळ आलं, तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. नवरीची आई लग्नात दिसली पाहिजे, आणि दिसली तर खोकणार. चार बायकांत बसली तर कोणी ना कोणी ओळखणार. यावर तोड आईनंच काढली. ‘सांगा, बाजूला बसली म्हणून,’ ती म्हणाली. बाई बाजूला बसली, म्हणजे तिला चार दिवस शिवायचं नाही, तिच्या जवळ जायचं नाही आणि त्याबद्दल कोणी विचारायचंही नाही. कन्यादान मग काका-काकू करतात. असं पुष्कळ घरी होतं, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. वऱ्हाड यायच्या संध्याकाळी अंधार पडला की चाचांनी तिला गुपचूप आपल्या घरी न्यायचं आणि वऱ्हाड गेल्यावर आणायचं, असं ठरलं.

त्या दिवशी सकाळी कासारीण ताईला चुडा भरायला आली. आई खाटेपुढं बांधलेल्या पडद्यामागून म्हणाली, ‘मले बी भर व. माह्या लेकीचं लगन हाय.’ आणि तिनं आपल्या काडीसारख्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. बांगड्या सैल होत होत्या. कासारीण म्हणाली, ‘लय वाळल्या बाई तुमी,’ तर आई म्हणाली, ‘लेकीच्या लग्नाचा घोर हाय.’

वऱ्हाड संध्याकाळी यायचं ते भर दुपारीच आलं. जानोशाच्या घरी, वऱ्हाड उतरवलं होतं तिथं, त्यांचं चहापाणी चाललं होतं, तोवर गावातल्या कोणीतरी हौशी माणसानं नवरदेवाच्या बापाला सांगितलं, की अहो, तुमच्या सुनेच्या घरात एक नवल आहे. झालं. व्याही, विहीणबाई, नवरदेवाच्या आत्या, मामा, सगळे हसत-खिदळत आमच्या घराकडे निघाले. आता ऊन वेशीवर आहे, आताच पाहून घेऊ.

बाबा पुढून त्यांना सामोरे गेले. मागच्या दारानं काकूनं आणि मी आईला उचलल्यासारखं बाहेर नेलं. वऱ्हाड लवकर आल्याचं कळताच चाचा टांगा घेऊन गल्लीत आले होते. आपल्या घरच्या बायकांसाठी लावतात तसा त्यांनी मागून पडदा बांधला होता, म्हणजे आत कोण आहे असं कोणी विचारणार नाही. ताई स्वयंपाकघरात हळदीच्या अंगानं पाटावर बसली होती; तिला उठायची परवानगी नव्हती. आईनं दारातून तिच्याकडे पाहिलं. ‘बसा भाभी, जल्दी करा,’ चाचा म्हणाले.

मी धावत पुढच्या खोलीत आले, कारण खाटेवरची उशी आणि आईचा वेगळा ठेवलेला कप उचलायचा राहिला होता. उशी खाटेखाली ढकलली, कप परकराच्या ओच्यात धरला आणि तेवढ्यात दार लागलं. मी आतच अडकले.

‘विहीणबाई कुठं हायेत?’ अंधारात नवरदेवाच्या आईनं विचारलं.

‘बाजूला बसल्या,’ माझ्या मागोमाग आत आलेली काकू म्हणाली.

‘बाई! बराबर लेकीच्या लग्नात!’ त्या हळहळल्या.

मग सगळे गप्प झाले, कारण भिंतीवर वेस आली होती. आत्याबाई ‘अगं बाई’ म्हणाल्या. मामा हसायला लागले. बाबांनी छडी उचलली. आणि तेवढ्यात गल्लीतून निघालेला टांगा मैदान ओलांडून वेशीकडे जाताना भिंतीवर दिसला. चाकं वर, घोड्याचे पाय वर, पडदा बांधलेला टप खाली. मला ठाऊक होतं त्यात कोण आहे. बाबांनाही ठाऊक होतं. वेशीच्या तोंडाशी टांगा थांबला. पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला. भिंतीवर तो खाली सुटला होता. एक हिरवा ठिपका इकडून तिकडे, इकडून तिकडे हलत राहिला.

‘पाहा पाहा, ते बाई आपल्याले टाटा करून राह्यली!’ मामा ओरडले. खोलीभर हसू पसरलं.

‘कोण हाय वो ते?’ विहीणबाईंनी विचारलं.

बाबांची छडी वेशीवर तशीच टेकलेली होती. ‘टांगेवाल्याच्या घरची असंन कोणी,’ ते म्हणाले.

मला ओरडावंसं वाटत होतं. कप इतका घट्ट धरला होता की दांडा बोटात रुतला. टांगा वेशीतून बाहेर गेला आणि त्यामागून एक म्हैस आली. मग सगळे म्हशीला हसले.

ताई सासरी गेली. तिचं तिथं चांगलं झालं, तिच्या मुलांची लग्नं झाली, आणि ती गोष्ट त्या घरात कधीच कोणाला कळली नाही. आई पुढच्या पावसाळ्यापर्यंत होती. पण मला आठवतो तो वऱ्हाड गेल्यानंतरचा दिवस. चाचांनी तिला परत आणलं होतं. बाबा जिनात गेले होते. दुपार झाली, तेव्हा ती मला म्हणाली, ‘दार लाव बरं.’

‘डॉक्टरनं उघडं ठेवाले सांगतलं.’

‘लाव म्हटलं न थोडा वेळ.’

मी दार लावलं. वेस भिंतीवर आली. आयुष्यात पहिल्यांदा मी आईला ती नीट पाहताना पाहिलं.

‘त्या दिशी तुमी सारे आत होते न? म्या जाता जाता हात केला. दिसला का?’

‘दिसला.’

‘कुठं दिसला?’

मी भिंतीपाशी गेले आणि वेशीच्या तोंडावर बोट ठेवलं. माझ्या बोटावरही ऊन आणि वेस आली. ती त्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिली.

‘विहीणबाईले दिसला?’

‘साऱ्याइले दिसला. त्याइनं विचारलं बी, कोण हाय म्हणून.’

‘मंग काय सांगतलं तुह्या बाबानं?’

मी सांगितलं. दुसरं काही सुचलंच नाही. हातातल्या बांगड्या आईनं मागे कोपरापर्यंत सरकवल्या, त्या लगेच मनगटावर घसरून आल्या.

‘बराबर सांगतलं त्याइनं,’ ती म्हणाली. ‘उघड आता दार. हवा येऊ दे.’

मी दार उघडलं.