एक मान दाखव

आत्याच्या कानातले शब्द थेट हातात उतरत. मध्ये डोकं लागतच नसे. सभागृहात लघुलेखन करणाऱ्याला तसंच जमवावं लागतं, असं ती म्हणायची; डोकं मध्ये घातलं की दोन वाक्यं सुटतात आणि ती नेमकी मंत्र्यांची असतात. अध्यक्षांच्या आसनाखालच्या टेबलाशी तिची एकतीस वर्षं गेली. पाच मिनिटं लिहायचं, उठायचं, आतल्या खोलीत जाऊन ते टाइप करायचं, की पुन्हा पाळीला हजर. पुढचा माणूस अर्धं मिनिट आधीच लिहायला लागे, म्हणजे जोडाच्या जागी काही सांडायला नको. तेवढं अर्धं मिनिट दोघांच्याही वहीत असे. टेप अजून आला नव्हता. वही हाच पुरावा.

आत्यानंतरची पाळी अण्णांची. एकोणीस वर्षं दोघं कोपराला कोपर लावून बसली.

एका मंत्र्याला या दोघांनी दोरखंडसाहेब असं नाव ठेवलं होतं. विषय नळाच्या पाण्याचा असो की वाचनालयांचा, साहेब तिसऱ्या मिनिटाला फाशीवर येत. अपील कशाला, दयेचे अर्ज कशाला, गुन्हेगाराला पोसायचं कशाला. "आला दोर," अण्णा मान वर न करता पुटपुटत आणि आत्या ओठ चावून हसू दाबी. लोकांना मात्र साहेबांचं हे बोलणं फार आवडे. प्रचारात ते जीपच्या टपावर खराखुरा दोर टांगून फिरत आणि पोरंबाळं तो बघायला धावत.

त्या वर्षी आमच्या भागातल्या एका तरुण शिक्षिकेचा खून झाला. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, शाळेच्या बसचा ड्रायव्हर पकडला गेला. त्याची आई आत्याच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. जिना कुणी झाडायचा यावरून दोघींचं तेरा वर्षांचं हाडवैर. मुलगा आत गेला तसा इमारतीने तिचा नळ तोडला आणि दाराशी कचरा ओतला. आत्याने कचरा ओतला नाही, पण ओतणाऱ्यांना अडवलंही नाही. "लटकवा मेल्याला," असं जिन्यात तीही म्हणाली होती. हे तिने माझ्यापासून कधी लपवलं नाही.

आठवड्याने सभागृहात साहेब उठले. आत्याची पाळी संपत आली होती, अण्णांनी पेन्सिल टेकली होती.

"चौकशीला महिने लागतात म्हणे!" साहेब गरजले. "मला एक फोन पुरला. त्या अधिकाऱ्याला म्हटलं, बुधवारी संध्याकाळच्या आत एक मान दाखव. कुणाची ते मला सांगू नकोस. दाखवली की नाही? आता दोर माझ्याकडून!"

बाकं दणाणली. आत्याने दणदणाटाचीही नोंद केली आणि उठून आत गेली. टाइप करताना 'कुणाची ते मला सांगू नकोस' या शब्दांपाशी तिची बोटं थांबली. ते तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि ऐकत होती ती आत्ता.

भाषणाची प्रत तपासायला त्या त्या सदस्याकडे जाई. नियम साधा होता: भाषा नीट करा, अर्थाला हात लावू नका. साहेबांकडून प्रत परत आली तेव्हा फोनपासून दोरापर्यंतचं सगळं लाल शाईने खोडलेलं होतं. वर लिहिलं होतं, 'पोलिसांनी तत्परतेने आरोपीस अटक केली.' आणि समासात: 'भाषिक दुरुस्ती'.

आत्याने ती प्रत स्वीकारली नाही. मजकुरावर वाद आला की दोन्ही वह्या अध्यक्षांसमोर ठेवायच्या, अशी रीत होती. ती अण्णांकडे गेली.

"मला तेव्हा खोकला आला होता," अण्णा म्हणाले.

"एकोणीस वर्षांत तुम्ही कधी खोकला नाहीत."

"मग आता खोकतो. बाई, माझे तीन महिने राहिलेत. का उगीच वाघाच्या मिशीला तेल लावताय?"

दुपारी साहेबांचा पी.ए. आला. खुर्ची ओढून, पाय पसरून बसला. "ड्रायव्हर तुमचा शेजारी ना? साहेब विचारत होते, खुन्याचा एवढा कळवळा कशाला?"

"शेजारी? त्याच्या आईशी तेरा वर्षं भांडतेय मी. साक्षीदार हवेत? तीन मजले भरून आहेत."

"मग सोडून द्या की. फासावर जाणार तो, तुमचं काय जातंय?"

"माझं वाक्य जातंय."

"वाक्य साहेबांचं आहे."

"मग त्यांना म्हणावं, ते सांभाळायला शिका."

अध्यक्षांच्या दालनात साहेब आधीच बसले होते. तिला बघून ते हसले, उठले मात्र नाहीत. आत्याने आपली वही वाचली. अण्णांनी त्यांची उघडली, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "घाईत लिहिलंय. लागत नाही."

"झालं!" साहेब म्हणाले. "यांचे कान वाजले असतील. वयच आहे."

आत्याने विचारलं नाही, सवरलं नाही. अण्णांच्या पुढ्यातली वही आपल्याकडे ओढली. लघुलिपीत प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या असतात, एकाचं दुसऱ्याला वाचता येत नाही. पण शेजारी बसून बसून तिला अण्णांचं अक्षर बायकोने नवऱ्याची पावलं ओळखावीत तसं ओळखता येई. तिने बोट ठेवून वाचलं. एक मान दाखव. कुणाची ते मला सांगू नकोस.

"बरोबर वाचलं का यांनी?" अध्यक्षांनी विचारलं.

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, वहीकडे पाहिलं. मग म्हणाले, "शब्द न् शब्द."

वाक्य सभागृहाच्या कार्यवाहीत छापलं गेलं. आठ दिवसांत आत्याची बदली तळघरातल्या दप्तरखान्यात झाली. अण्णा तिच्याशी पुन्हा बोलले नाहीत, निरोप समारंभातसुद्धा नाही.

छापील प्रत हाती आली त्या दिवशी तिने तळमजल्याचं दार वाजवलं. दार चार बोटं उघडलं.

"आता काय नेणारेस? नळ तर नेलात."

"तुझ्या वकिलाला सांग, सतरा तारखेची कार्यवाही मागव. पान एकशे बेचाळीस."

"आणि जिन्यात काय म्हणाली होतीस?"

"म्हणाले होते," आत्या म्हणाली. "पान लिहून घे."

आतून कागद आला नाही. आत्याने स्वतःच्या पिशवीतून चिठ्ठी काढली, आकडे लिहिले आणि फटीतून आत सरकवली. दार आपटून बंद झालं.

वकिलाने ते पान कोर्टात अधिकाऱ्यापुढे ठेवलं. अधिकारी आधी फोन आलाच नाही म्हणाला, मग आला पण आठवत नाही म्हणाला. खुनाच्या वेळी बस दुरुस्तीला होती आणि ड्रायव्हर तिच्या खाली झोपून नट-बोल्ट आवळत होता. गॅरेजवाल्याला कुणी विचारलंच नव्हतं, कारण बुधवारच्या आत विचारायला वेळ नव्हता. चौदा महिन्यांनी तो सुटला. मायलेक खोली सोडून गेले. इमारत आत्याला 'खुन्याची मावशी' म्हणू लागली. साहेब पुढची निवडणूक आधीपेक्षा जास्त मतांनी जिंकले, जीपवर तोच दोर होता.

मग एका सकाळी शिक्षिकेचे वडील आत्याच्या दारात आले. तिने खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"तुम्हीच ना ते वाक्य लिहिणाऱ्या?"

"हो."

"तो सुटला. बरं झालं, त्याने नव्हतं केलं. मग माझ्या पोरीला मारलं कुणी?" त्यांचा आवाज चढला. "चौदा महिने सगळे त्याची मान धरून बसले होते. खरा कुठंय? साहेबांना भेटायला गेलो, तर म्हणाले, पकडू द्या, मग फाशीच देतो!"

ते गेल्यावर आत्या नेहमीसारखी तळघरात उतरली. निवृत्त होईपर्यंत रोज येणारी छापील कार्यवाही तिने ओळ न् ओळ वाचली. फाशीवर साहेब आणखी बावीस वेळा बोलले होते. खरा कुठे आहे, हे त्यांना विचारलेलं तिला कुठल्याच पानावर सापडलं नाही.