फळ्यावरचं तात्पर्य

नातीची पाटी ओल्या फडक्याने पुसताना खडूचा वास येतो आणि मी पुन्हा दिल्लीतल्या त्या मराठी शाळेच्या सातवीच्या वर्गात उभी राहते.

नोकरीसाठी नमुना पाठ द्यायचा होता. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका पेन उघडून बसल्या होत्या. नोकरी हुकली, तर नोएडातली भाड्याची खोली सोडून आम्हाला गावी परतावं लागणार होतं.

आमच्या तालुक्याच्या शाळेत गोष्टीआधीच तात्पर्य फळ्यावर लिहीत. मीही लिहिलं, 'नेहमी खरे बोलावे.' मग गोष्ट वाचली. तिच्यात थोरली बहीण 'मला भूक नाही' असं खोटंच सांगून शेवटची भाकरी भावाला देते.

एका मुलीने हात वर केला. "पण बाई, ती खरं बोलली असती तर भाऊ उपाशीच राहिला असता ना?"

"बिल्कुल!" कोणीतरी हिंदीत ओरडून दुजोरा दिला. वर्ग हसला. मुख्याध्यापिका काहीतरी लिहू लागल्या.

आणि मला माझी थोरली बहीण, अक्का आठवली. घरात एकीलाच शिकवणं जमणार होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "मला नाही आवडत शाळा. तूच जा." इतकी वर्षं मी ते खरं मानलं होतं.

मी फळा पुसला. "माझं चुकलं. ही गोष्ट कशाबद्दल आहे, ते तुम्हीच सांगा."

नोकरी मिळाली. संध्याकाळी एसटीडी बूथवरून अक्काला ते कळवलं आणि विचारलं, "तुला शाळा आवडायची ना गं?"

ती म्हणाली, "बिल वाढतंय. ठेव आता."