आत्याबाईंनी निवडलेला दांडा

लग्न होऊन मी सोनपेठला आले तेव्हा दारात लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप उभी होती. नवरा जनावरांचा डॉक्टर. गोदाकाठच्या काळ्या चिखलातून गोठ्यागोठ्यांवर पोचायला त्या जीपसारखं वाहन नव्हतं. पहिल्याच वर्षी त्यांनी मलाही ती चालवायला शिकवली. पदर खोचून मी जीप काढली की आठवडी बाजारातली माणसं तराजू हातात धरून बघत राहायची. मला ते फार आवडायचं.

पुढे रस्त्यावर डांबर पडलं आणि जीपचे गुण दिसायला लागले. चिखलात शेळीसारखी चढणारी ही गाडी डांबरावर जरा वेग घेतला की वळणावर एका अंगाला कलायची, आणि सरळ झाल्यावरही डुलत राहायची. एकदा सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, पाथरीला नेताना एका वळणावर त्या थेट माझ्या अंगावर आल्या. परत येताना त्यांनी एसटी धरली.

“उंट हाय त्यो, उंट,” घरी येऊन त्यांनी सांगून टाकलं. “मी पुन्हा त्यात बसायची न्हाई.”

नेमकी त्याच हिवाळ्यात नणंदेला मुलगी झाली. तिचं घर देवगाव फाट्याच्या पलीकडे, शेतातल्या वस्तीवर. एसटी फाट्यावर सोडणार आणि पुढे गाडीवाटेने चालत जायचं. थंडीने धरलेले आत्याबाईंचे गुडघे त्यांना अंगणाबाहेर चालू देत नव्हते. बारशाला न्यायचं तर जीपच हवी होती.

आम्ही दोघं परभणीला एका गॅरेजात गेलो. तिथे चहा आणि विद्यापीठाच्या नामांतराचा वाद दोन्ही दिवसभर उकळत असायचे. वाद अर्धा टाकून गॅरेजवाले चाचा गाडीखाली शिरले आणि बाहेर येऊन म्हणाले, “इसको स्टेबलायझर होनाच.” म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा, टोकांना वाकवलेला पोलादी दांडा. गाडी एका अंगाला कलायला लागली की तो पिळला जातो आणि तिला सावरून धरतो. मोडीत निघालेल्या गाड्यांचे दोन दांडे चाचांकडे होते, एक मनगटाएवढा जाड, दुसरा अंगठ्याएवढा.

“जाडच बसवा,” नवरा म्हणाला. “एकदाच काय ते पक्कं काम.”

जाड दांडा बसला. डांबरावर जीप पाटासारखी सपाट वळायला लागली. नवरा शीळ घालत सोनपेठला आला. पण दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या वाटेला लागलो तर एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही हिसका बसायचा. गाडी आम्हाला सुपातल्या दाण्यांसारखी पाखडत होती.

“डांबरावर तर झकास आहे ना?” नवरा म्हणाला.

“आणि वस्तीवर? तिथं तुमच्या दाजींनी डांबर टाकून ठेवलंय का?”

घरी येऊनही आमचं चालूच राहिलं. गाडी रोज जास्त कुठे धावते, डांबरावर की मातीत, यावर आम्ही जेवताना भांडलो, जेवून झाल्यावर भांडलो. शेवटी आत्याबाईंनी पानाचा डबा बंद केला.

“तुमी दोघं कशाला भांडायलाव? बसणार कोन हाय? मी. मंग मलाच बसून बघू द्या.”

दुसऱ्या दिवशी त्या आपण होऊन आम्हा दोघांबरोबर जीपमध्ये बसल्या. परभणीला पोचेपर्यंत सीटसमोरची कडी घट्ट धरून होत्या. चाचांनी त्यांच्यासाठी चहा आणला, तर तो भरलेला ग्लास हातात घेऊन त्या म्हणाल्या, “आता चालव सूनबाई.”

आधी जाड दांडा. सडकेच्या वळणावर चहा हलला नाही. गॅरेजमागच्या मैदानातल्या चाकोऱ्यांत शिरताच मात्र तो सगळा मागे बसलेल्या चाचांच्या सदऱ्यावर गेला. आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग चाचांनी बारीक दांडा चढवला, नवा चहा मागवला आणि स्वतः खाली उभे राहिले. वळणावर जीप थोडी झुकली, पण तिथेच थांबली, डुलली नाही. चहा काठाला आला आणि आत राहिला. चाकोऱ्यांत बोटांवर चार थेंब सांडले.

“ह्योच,” बोटं चाटत आत्याबाई म्हणाल्या. “ह्यो वाकतो बी, धरतो बी.”

नवऱ्याने जाड दांड्याकडे एकदा बघितलं आणि मान डोलावली.

बारशाच्या सकाळी आत्याबाई पुढच्या सीटवर, मांडीवर कुंची-टोपडं आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. सेलूच्या अलीकडे पुढे एसटी दिसली तशी त्या म्हणाल्या, “काय बैलगाडी चालवायलीस? काढ की म्होरं!” काढली. फाट्यावरून मातीत उतरलो आणि थेट अंगणात जाऊन थांबलो. आई जीपमधून उतरतेय हे नणंदेला खरंच वाटेना. बाळ तसंच खांद्याशी धरून ती धावत आली, आणि दोघी एकदमच बोलायला लागल्या.

पाळण्यात नाव ठेवून झाल्यावर आत्याबाईंनी वस्तीवरच्या बायकांना गोळा केलं. “चला, माझी सून तुमाला फिरवून आणती.” मावतील तितक्या बायका चढल्या. वळण आलं की सगळ्या मिळून ओरडायच्या, आणि वळण संपलं की पाळण्याची गाणी पुन्हा सुरू व्हायची. सगळ्यांत वर आवाज आत्याबाईंचा होता.