फोर्कलिफ्टच्या मागचं वजन

आळेफाट्याच्या कोल्ड स्टोरेजमधी माझं शिक्षान कुणी इचारलं नाय, निस्तं पोट बघून कामाला घेतलं. फोर्कलिफ्टनं लई माल उचलला की तिचं बूड वर उठायचं. मग सगळी वरडायची, "जाड्या, बस मागं!" मी बसलो की मशीन शानं व्हायचं. मला वाटायचं, मीच मुकादम.

तिथं एक काटकुळा हमाल व्हता. नाव कधी इचारलं नाय. सकाळी मशीनच्या पाया पडायचा, मग माझ्या पोटाच्या.

एकदा मी सासुरवाडीच्या जत्रंला मटान हानाय गेलो. माझ्या जागी त्याला बसवला. मशीन पुढं कललं, हा खाली पडला, अन् वर उठलेलं मागचं चाक त्याच्या पावलावर आदळलं.

दवाखान्यात बघतो तर पाऊल काढलेलं. मी रडाय लागलो.

"रडू नका राव. जत्रंत जेवला ना पोटभर?"

"जेवलो."

"मग झालं. तुमचं वजन घटाया नगं, मागं बसाय लागतंय."

दुसऱ्या दिशी कामावर हाक आली, "जाड्या, बस मागं!" माल कमी उचला, एवढंच म्हनायचं व्हतं. व्हटापत्तूर आलंबी व्हतं.

गप जाऊन बसलो.