शेवंतामावशींचा साबण

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी शेवंतामावशींचं नाव सांगेन. त्या ना आमच्या नात्यातल्या, ना गावातल्या. धाराशिवच्या ज्या दवाखान्यात माझे वडील, अण्णा, भरती होते, तिथल्या वॉर्डात त्या साफसफाई करायच्या, रोग्यांची शौचाची भांडी उचलायच्या. तेरहून सकाळच्या एसटीनं यायच्या आणि कमरेला खोचलेल्या पिशवीत लाल साबणाची वडी असायची.

खाटेजवळ येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा एकच हुकूम असे, "आधी साबण." दाराशी सॅनिटायझरची बाटली टांगलेली होती. लोक दोन थेंब चोळून आत शिरायचे. मावशी त्यांना परत पाठवायच्या. एकदा आमच्या सरपंचांनाच अडवलं. ते म्हणाले, "अहो, बाटलीतलं लावलंय की." "ते वास घ्यायला बरं हाय," मावशी म्हणाल्या. "नळ तिकडं हाय." सरपंच बाह्या सारून नळावर गेले.

अण्णांना लिव्हरचा जुना आजार होता. जन्मभर शेळ्या राखल्या, दारूला कधी शिवले नाहीत. तरी लिव्हर म्हटलं की भेटायला येणारे डोळे मिचकावायचे. एकानं तोंडावरच विचारलं, "अण्णा, किती घेत होता?" मावशी फडकं पिळता पिळता म्हणाल्या, "लिव्हर काविळीनं बी खराब होतंय. तुमी किती घेता ते सांगा, एक खाट रिकामी हाय." कितीतरी दिवसांनी अण्णा हसले.

त्या वेळी अण्णांच्या पोटात पाणी झालं होतं आणि त्या पाण्यात जंतू. आठवडाभर अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालली, सोबत पित्ताची गोळी. शिवाय रोज एक गोड सिरप. लिव्हर थकलं की अंगातली घाण डोक्यात चढते, माणूस बरळतो. ती निघून जावी म्हणून या सिरपनं दिवसातून दोन-तीनदा पोट साफ व्हावंच लागतं. त्यामुळं अण्णांचे जुलाब वाढले तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय सूक्ष्मजीवशास्त्र, आमच्या घरातला पहिलाच शिकणारा. "सिरपमुळं होतंय," असं मीच आईला ऐटीत समजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींनी भांडं उचललं आणि तिथंच थांबल्या. "लेकरा, हे सिरपाचं न्हाय."

"मावशी, सिरपनं होतातच जुलाब."

"सिरप तीनदा पळवतंय, चारदा पळवतंय. सकाळपासनं हे नववं भांडं हाय. अंग तापायलंय. आन् ह्यो वास म्या आधी घेतलाय, ह्याच वॉर्डात. लई वंगाळ."

मी म्हणालो, डॉक्टर आले की सांगू. त्यांनी भांडं झाकून ठेवलं, हात धुतले आणि डॉक्टरीणबाईंना बोलावूनच आणलं. बाई वयानं लहान; पण त्यांनी मावशींचं पूर्ण ऐकून घेतलं. नमुना तपासायला सोलापूरला गेला. आतड्याला जंतूंची लागण निघाली. इंजेक्शनं आणि पित्ताची गोळी बंद झाली, दुसरं औषध सुरू झालं. तोवर अण्णा मला ओळखेनासे झाले होते. खाटेवरून शेळ्यांना हाका मारत होते.

बाईंनी मला नंतर सांगितलं, "लिव्हरच्या रोग्याला ही लागण लवकर होते. अँटिबायोटिकनं आतड्यातले चांगले जंतूही मरतात आणि या लागणीच्या जंतूला मोकळं रान मिळतं. सॅनिटायझरनं हा जंतू मरत नाही, साबण-पाण्यानं धुवूनच काढावा लागतो. अजून दोन दिवस गेले असते तर अवघड होतं." हे सगळं माझ्या पुस्तकात होतं. मी त्यावर मार्कही मिळवले होते.

अण्णा शुद्धीवर आले. मावशी अंग पुसत होत्या तेव्हा म्हणाले, "मावशी, हळदीलासुद्धा एवढं धुतलं नव्हतं मला."

"तवाच धुतलं असतं तर इथं आला नसता."

घरी निघताना अण्णांनी त्यांना एक शेळी देऊ केली. "शेळी एसटीत घेत न्हाईत," मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "कागद धाड. माणसं इथनं घरी जातेत, फुडं जगली का गेली, आमाला कळतच न्हाय. म्या आपली इचार करत बसते. मला वाचता येतं, सावकाश. अक्षर मोठं काढ."

मी हो म्हणालो आणि चार वर्षं लिहिलं नाही. परीक्षा, मग नोकरीसाठी वणवण. गेल्या महिन्यात, मी शिकवतो त्या शाळेत, जेवणाच्या सुट्टीत नळावरच्या पोरांना मी ओरडलो, "आधी साबण!" आवाज माझा होता, शब्द त्यांचे. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मोठ्या अक्षरांत हे पत्र लिहिलं आणि तेरला पाठवलं:

"शेवंतामावशी, नमस्कार.

अण्णा जगले.

तुम्ही सावकाश वाचता, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहिलं.

सिरप चालू आहे. तपासणीला नेमानं नेतो. शेळ्या कमी केल्या, पण सकाळी स्वतः घेऊन जातात. तुमची शेळी त्यांनी विकू दिली नाही, तिला दोन करडं झाली. मी मास्तर झालो. दारात बादली आणि लाल साबण असतो, पाहुण्यांना अण्णाच अडवतात.

चार वर्षं तुम्हाला विचार करत बसवलं, याची माफी मागतो. आता आमचा विचार सोडा.

तुमचं लेकरू"